लाल विंचू आणि महाडचे संशोधन

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जागी मीरा-भाईंदर नावाचे शहर गेल्या काही दशकांत उभे राहिले. २०११ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती आठ लाखांच्या वर भरली. एवढ्या वस्तीस रुग्णालये लागतातच. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. मीरा रोडलाही मोठी रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयांना एक दार असते की जे रात्रीही मिटत नाही. आगगाडीखाली सापडलेला, छातीत कळ येऊन कोसळलेला, विष पोटात गेलेला, सापाने दंश केलेला, असा कोणीही त्या दारातून आत आणला जातो, आणि पुढच्या अर्ध्या घटकेत काय करावयाचे हे तेथील डॉक्टरास पुस्तक न उघडता ठाऊक असावे लागते. हे ज्ञान त्याच्यापर्यंत आले कोठून?

सामान्य समजूत अशी की, वैद्यकातील नवे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मास येते आणि तेथून हळूहळू रोग्याच्या खाटेपर्यंत झिरपते. ही समजूत पुष्कळ अंशी खरीही आहे. तथापि तातडीच्या रोग्याविषयीचे ज्ञान हे बहुधा त्या रोग्याच्या उशाशी बसूनच मिळवावे लागते, आणि तेथे ते मिळविणे फार कठीण. क्षयाचा रोगी महिनोन् महिने दवाखान्यात ये-जा करतो. त्याला विचारता येते, पुन्हा तपासता येते, चुकले तर सुधारता येते. विषबाधेचा रोगी मध्यरात्री येतो, आणि उजाडेपर्यंत एक तर तो घरी जाण्याजोगा होतो, नाही तर ह्या जगात नसतो. त्याची निवड करता येत नाही, त्याच्यासाठी वेळ राखून ठेवता येत नाही, आणि पुष्कळदा त्याची संमती घेण्याइतकी शुद्धही त्याला नसते. भारतीय वैद्यक परिषदेने तातडीच्या वैद्यकास स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. परंतु ह्या शाखेस नाव मिळण्याच्या तीस वर्षे आधी कोकणातील एका तालुक्यात तिचे संशोधन सुरू झाले होते. त्याची ही हकीकत आहे.

महाड हे गाव १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. सावित्रीच्या काठचा हा तालुका पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात मोडतो. मुरमाड, तांबडी जमीन; दगडांचे गडगे; घरामागे रचलेल्या लाकडांच्या मोळ्या आणि पेंढ्याच्या उडव्या; पावसापूर्वी शेतात चालणारी राबाची आणि भाजावळीची कामे. ह्या सगळ्या जागा जशा शेतकऱ्याच्या तशा लाल विंचवाच्याही आवडत्या. शास्त्रीय जगात ह्या प्राण्याची पहिली नोंद डॅनिश पंडित फाब्रिशिअस याने १७९८ साली केली, आणि त्याला ‘टॅम्युलस’ असे नाव दिले. अंगाने तो मोठा नव्हे, दोन-तीन इंचांचा. ज्या काळ्या, जाडजूड विंचवाला पाहून माणूस किंचाळतो, त्याचे विष सहसा जिवावर बेतत नाही. प्राण घेतो तो हा तांबूस, सडसडीत, सहज नजरेआड होणारा विंचू. आपल्या भाषेत ‘विंचू चावला’ असेच म्हणतात. वस्तुतः तो चावत नाही, शेपटीच्या टोकाची नांगी मारतो. परंतु लोकभाषेशी ह्या बाबतीत हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

नाथांच्या भारुडातला विंचू सत्त्वगुणाच्या उताऱ्याने उतरतो, व्यवहारात मात्र शतकानुशतके लोक मांत्रिकाकडेच जात राहिले. ह्याचे कारण केवळ अज्ञान असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. विंचूदंशाचे बहुसंख्य रोगी कोणताही उपचार न करता बरे होतात. आग होते, ठणका लागतो, रात्र तळमळत जाते, आणि दुसऱ्या दिवशी वेदना ओसरतात. ह्या रोग्यांपैकी प्रत्येकाने आपले बरे होणे कोणाच्या तरी मंत्राच्या, मुळीच्या किंवा लेपाच्या खाती जमा केले. जे दगावले त्यांची साक्ष काढावयास कोणी उरले नाही. शास्त्रीय पद्धतीची गरज नेमकी येथेच भासते. ज्या व्याधीतून बहुतेक लोक आपोआप उठतात, तिच्यावरचे प्रत्येक औषध गुणकारी ठरते!

डॉक्टरांची स्थितीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारशी वेगळी नव्हती. दंशाची जागा बधिर करावी, झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण टोचावे, लाळ आणि घाम आटावा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावे, ‘अ‍ॅलर्जी’वरची औषधे द्यावीत, असा परिपाठ होता. १९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक गोष्ट निदर्शनास आणली की, विंचूदंशानंतर काही रोग्यांच्या फुफ्फुसांत पाणी होते आणि त्यानेच ते जातात. पुढे १९६७ साली इस्रायलमधील ग्वेरॉन व त्यांचे सहकारी यांनी तेथील विंचवाच्या दंशाने हृदयाच्या स्नायूस कशी इजा होते हे दाखविले. म्हणजे मृत्यूचे स्थान कळले होते. मृत्यूची वाट मात्र कळलेली नव्हती. रोगी दवाखान्यात आल्यापासून फुफ्फुसात पाणी होईपर्यंत मधल्या तासांत त्याच्या शरीरात काय घडते, आणि कोठे हात घातला असता ते थांबेल, ह्याचा उलगडा झाला नव्हता.

१९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात १९५१ साली त्यांचा जन्म झाला; घरची गरिबी; मिळेल ते काम करीत शिक्षण; नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी. ही सारी कथा त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ ह्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. बिरवाडीस त्यांच्यापुढे विंचूदंशाचे रोगी येऊ लागले, आणि पुस्तकात त्यांच्याविषयी उपयोगी पडेल असे जवळजवळ काहीच लिहिलेले नव्हते. प्रगत साधनांची तर गोष्टच नको. प्राथमिक केंद्रात जे असते ते होते: रक्तदाब मोजण्याचे यंत्र, हृदयाचे ठोके ऐकण्याची नळी, थोडी औषधे आणि खाट.

अशा ठिकाणी संशोधन म्हणजे काय करावयाचे? प्रथम एकच करता येण्यासारखे होते, आणि ते म्हणजे रोग्याजवळून न उठणे. एका रोग्याजवळ रात्रभर बसावे, दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब पाहावी आणि ते लिहून ठेवावे. मग दुसऱ्याजवळ, मग दहाव्याजवळ. असे केले म्हणजे एकट्या रोग्यात जो गोंधळ दिसतो त्यातून हळूहळू एक क्रम दिसू लागतो. बावस्करांना तो दिसला. ज्याला फक्त दंशाच्या जागी प्रचंड वेदना आहेत, तो ओरडतो, लोळतो, सर्वांचे लक्ष वेधून घेतो. पण त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. खरा धोका असतो तो ज्याला ओकारी होते, सर्वांगास दरदरून घाम फुटतो, तोंडास लाळ सुटते आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात त्याला. मुलग्यांत व पुरुषांत जननेंद्रियास येणारी ताठरता हे आणखी एक लक्षण होते. असल्या लक्षणाचा उच्चार करणे घरच्या माणसांना अवघडच. परंतु निदानाच्या दृष्टीने ते मोलाचे होते, कारण विष अंगभर भिनल्याची ती एक निश्चित खूण होती.

ह्या खुणा आधी येतात. रक्तदाब वाढणे, हृदयाची धडधड, धाप, खोकल्यावाटे येणारा गुलाबी फेस ही संकटे मागून येतात. दोहोंच्या मध्ये काही तास असतात. तातडीच्या वैद्यकात ह्या ‘मधल्या तासां’एवढी मौल्यवान वस्तू दुसरी नाही. संकटाची पूर्वसूचना देणाऱ्या ह्या खुणांविषयी बावस्करांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या ख्यातनाम नियतकालिकात आला. एका तालुक्यातील आरोग्य केंद्रात, हाताच्या स्पर्शाने आणि साध्या यंत्राने केलेल्या निरीक्षणास त्या पत्राने जागा दिली, ही गोष्ट त्या पत्रासही भूषणावह म्हटली पाहिजे. त्याच सुमारास पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम.डी.चे शिक्षण घेतले, आणि नंतर ते पुन्हा महाडासच परतले. शहरात राहण्याची वाट त्यांना मोकळी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

लक्षणांचा क्रम कळला. आता त्यामागची यंत्रणा पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले की संदेश पुढे जातो, आणि दार लगेच मिटते. लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने ही दारे मिटू देत नाहीत. अंगणातील नळ कोणीतरी उघडा टाकून जावा तसे होते: संदेशांची धार थांबत नाही. शरीराची स्वयंचलित मज्जासंस्था त्यामुळे बेभान होते. प्रथम ओकारी, घाम, लाळ; आणि मागोमाग अ‍ॅड्रेनॅलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा. ह्या द्रव्यांनी सर्व शरीरातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात. आता हृदयास ह्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. ते जिवाच्या आकांताने ढकलते, थकते, आणि मागे तुंबलेले रक्त फुफ्फुसांत पाझरू लागते. रोगी कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

इतके ध्यानात आल्यावर जुन्या परिपाठातील दोष आपोआप उघडे पडतात. अ‍ॅट्रोपिनने लाळ आणि घाम आटतो हे खरे, पण आधीच धावणाऱ्या हृदयास ते आणखी पळविते. झोपेच्या औषधांनी रोगी शांत दिसतो, आणि पाहणारा फसतो. खरी गरज होती आवळलेल्या नळ्या सैल करण्याची. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या शिथिल करणारे औषध फुफ्फुसांत पाणी झालेल्या रोग्यांवर योजिले. ते गुणकारी ठरले. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, आणि एकेका मिनिटाला रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो. थेंब जास्त गेले तर तोच रोगी रक्तदाब कोसळून जावयाचा. ज्या खेड्यात विंचू असतात त्या खेड्यात असली सोय कोठून असणार?

म्हणून त्यांची दृष्टी वळली प्राझोसिनकडे. १९७० नंतरच्या दशकात रक्तदाबावर वापरात आलेली ही एक साधी, स्वस्त गोळी. अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांवर ज्या जागी येऊन बसतात, त्या जागा ही गोळी अडवून धरते. लोंढा आला तरी त्यास दार मिळत नाही. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या उभयतांच्या नावाने ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिनवरील टिपण प्रसिद्ध झाले. पुढे रूढ झालेली मात्रा अशी: मोठ्या माणसास अर्धा मिलिग्रॅम, मुलास त्याच्या निम्मी, आणि हातपाय कोरडे व ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. औषध पुरेसे झाले की नाही हे ठरविण्याची कसोटीही पाहा: रोग्याच्या पावलांना हात लावून पाहावयाचे. कोणत्याही आरोग्य केंद्रातील परिचारिकेस ती जमेल.

ह्या गोळीत एक धोकाही आहे. पहिल्या मात्रेनंतर माणूस एकदम उभा राहिला तर रक्तदाब घसरून तो कोसळतो. म्हणून रोग्यास आडवेच ठेवावे, आणि आईने मुलाला उचलून कडेवर घेऊ नये, अशी सूचना उपचाराबरोबरच सांगितली जाते. रडणाऱ्या मुलास उचलू नको असे आईस सांगणे सोपे नसते. परंतु औषधाच्या यशात असल्या बारीक सूचनेचा वाटा औषधाइतकाच असतो, आणि ती सूचना खाटेपाशी बसलेल्या माणसासच सुचते.

परिणाम काय झाला? प्राझोसिनपूर्वीच्या काळात विष अंगभर भिनलेल्या रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. नंतर हे प्रमाण शेकडा एकाच्या घरात आले, असे बावस्करांच्या लेखांतून दिसते. कोकणातील आणि बाहेरील डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. गोळी आरोग्य केंद्रांतून ठेवली जाऊ लागली. येथे मात्र एका शंकेस वाट करून दिली पाहिजे. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ ह्यांची तुलना ही नेहमी थोडी निसरडी असते. मधल्या वर्षांत रस्ते झाले, वाहने आली, लोक मांत्रिकाच्या दारात कमी वेळ घालवून लवकर दवाखान्यात येऊ लागले. ह्या सुधारणांचे काही श्रेय गोळीच्या पदरात पडले नसेलच असे कोणी म्हणू शकणार नाही. काटेकोर परीक्षा घ्यावयाची तर रोग्यांचे दोन गट करून एकास गोळी द्यावी व दुसऱ्यास देऊ नये. परंतु ज्याच्या डोळ्यांदेखत मुले वाचू लागली आहेत, तो डॉक्टर दुसऱ्या गटाच्या आईबापांस काय सांगणार? ही परीक्षा महाडास झाली नाही, आणि ती न झाल्याबद्दल दोष देण्याचे धैर्य फार थोड्यांस होईल.

निष्पक्ष तुलनेचा हा प्रश्न मुंबई इलाख्यास नवा नव्हता. प्लेगच्या साथीत १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या लहानशा प्रयोगशाळेत तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांस ती टोचून, टोचलेले आणि न टोचलेले ह्यांची तुलना केली. तुरुंगातील माणसाची ‘तयारी’ कितपत मोकळी म्हणावी हा प्रश्न आज कोणीही विचारील. त्या काळी तो विशेष कोणास पडला नाही. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली, आणि १९२५ पासून त्या संस्थेस त्यांचे नाव आहे. महाडच्या कथेशी हिचा सांधा असा की, ह्याच हाफकिन परंपरेतील मुंबईच्या औषधनिर्मिती संस्थेने पुढे लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. विंचवाचे विष अल्प व क्रमाने वाढत्या प्रमाणात घोड्यास टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून, वाळवून कुप्यांत भरतात.

प्रतिविष हाती आले, आणि महाडपुढे एक नवाच पेच उभा राहिला. प्राझोसिन विषाचे परिणाम अडविते, विषास हात लावीत नाही. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषासच बांधून टाकते. तर्काने पाहता प्रतिविष श्रेष्ठ. पण वैद्यकात तर्काने जिंकलेल्या लढाया पुष्कळदा खाटेवर हरल्या जातात. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच ट्युनिशियातील एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली होती. तेथील तातडीच्या विभागात आलेल्या ८२५ विंचूदंशाच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकास प्रतिविष दिले, दुसऱ्यास दिसायला तसेच पण निर्गुण औषध दिले. दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. सरसकट प्रतिविष देण्यात लाभ नाही, असा निष्कर्ष निघाला. उलट २००९ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात अवघ्या पंधरा अत्यवस्थ मुलांवर तशीच परीक्षा झाली. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, न मिळालेल्या सातांपैकी एकच झाले. ट्युनिशियाचा विंचू वेगळा, अ‍ॅरिझोनाचा वेगळा. एकाकडे सौम्य रोग्यांचा भरणा अधिक, दुसऱ्याकडे सगळेच अत्यवस्थ. आणि कोकणचा विंचू ह्या दोहोंहून निराळा. परक्या मुलखातील उत्तर येथे लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या पावलाच्या मापाची वहाण आपल्या पायात घालणे होय.

बावस्करांची थोरवी बहुतेक लोक प्राझोसिनमध्ये पाहतात. पण खरे पाहता ह्या नव्या प्रश्नाच्या वेळी त्यांनी जे केले ते अधिक दुर्मिळ आहे. ज्या गोळीने त्यांचे नाव जगात गेले, तिच्याहून सरस काही असू शकेल काय, ही परीक्षा त्यांनी स्वतःच आपल्या रुग्णालयात मांडली. लक्षणे सुरू झालेल्या, पण हृदय-फुफ्फुसांवर अद्याप संकट न आलेल्या ७० रोग्यांचे दोन गट केले, प्रत्येकी ३५. एका गटास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन आणि शिवाय प्रतिविष. कोण कोणत्या गटात जावयाचा हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवले नाही. ह्या मांडणीत नीतीचा पेचही सुटला होता: सिद्ध झालेल्या उपचारापासून कोणीच वंचित राहत नव्हता, आणि जास्तीचे औषध हिताचे की व्यर्थ हे तोपर्यंत खरोखरीच कोणास ठाऊक नव्हते. २०११ च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निकाल छापला. दोन्ही औषधे मिळालेले रोगी सरासरी आठ तासांत बरे झाले. केवळ गोळी मिळालेल्यांस जवळजवळ अठरा तास लागले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ८.

परीक्षेतील उणिवाही उघड आहेत. कोणास काय दिले हे डॉक्टर व रोगी दोघांनाही ठाऊक होते. रोगी एकाच रुग्णालयातले होते. आणि सत्तर ही संख्या मोठी नव्हे. शिवाय ‘लवकर बरे होणे’ आणि ‘मरणातून वाचणे’ ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत; ह्या परीक्षेने पहिलीचे उत्तर दिले, दुसरीचे देण्याइतके मृत्यू, सुदैवाने, आता होतच नव्हते. तरीही आठ तास आणि अठरा तास ह्यांतील अंतर मजुरीवर जगणाऱ्या घरास विचारावे. एका रात्रीत घरी परतणे आणि दुसरा दिवस बुडणे, एवढा तो फरक आहे.

संमतीची बाब मात्र अजून पुरती निकालात निघालेली नाही. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून जगातील डॉक्टरांनी मानले आहे की, माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्यास समजावून सांगून त्याची मोकळी संमती घेतली पाहिजे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ह्याविषयीचे धोरण १९८० साली प्रथम जाहीर केले. परंतु दंश झालेल्या मुलाचा बाप मध्यरात्री, आठ कोस चालून, घाम पुशीत उभा असतो. त्याच्यापुढे कागद धरला तर तो काय वाचणार? डॉक्टर सांगेल त्यास तो हो म्हणेल. ही संमती म्हणावी की शरणागती? नियमांनी येथे काही आधार दिला आहे: नीतिसमितीची पूर्वमान्यता, नातेवाइकांची संमती, शुद्धीवर आल्यावर रोग्यास पुन्हा विचारणे. बाकीचे डॉक्टरच्या सदसद्विवेकावर राहते.

महाडची ही कथा खेड्यातील एका रुग्णालयाची. मोठ्या शहरांतील तातडीच्या विभागांनी निराळी वाट धरली. २०१३ ते २०१५ ह्या काळात शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के.ई.एम. ही मुंबईची दोन, आणि दिल्ली व कोलकाता येथील एकेक, अशा चार रुग्णालयांत अपघाताने जखमी झालेल्या सुमारे सोळा हजार रोग्यांची नोंद झाली: आला केव्हा, रक्तदाब किती, शुद्ध कितपत, शस्त्रक्रिया केव्हा, शेवट काय. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ नोंद. बिरवाडीच्या खाटेपाशी एका माणसाने जे केले तेच येथे अनेकांनी मिळून केले. मीरा-भाईंदरसारख्या नव्या शहरांचे गंभीर जखमी आजही पुष्कळदा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत पाठविले जातात. म्हणून ह्या नोंदींचा त्यांच्याशीही जवळचा संबंध आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांस भारत सरकारने २०२२ साली पद्मश्री दिली. विंचूदंशाच्या उपचारात आता प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही सांगितली जातात. जेथे प्रतिविषाची कुपी हाताशी नाही तेथे डॉक्टरने गोळी तत्काळ द्यावयाची, रोग्यास आडवे ठेवून पुढच्या रुग्णालयात न्यावयाचे, आणि वाटेत त्याच्या पावलांवरचा हात काढावयाचा नाही.